घरच्या बिअरसाठी ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक सेटअप: रॉड, बादली आणि रास्पबेरी पाय

लहानपणी न्हाणीघरात बादलीत रॉड टाकून पाणी तापवायचो तेव्हा आई स्वयंपाकघरातून दर दोन मिनिटांनी ओरडायची, आधी बटण बंद कर मगच हात घाल. इलेक्ट्रिक ब्रूइंग सिस्टिम म्हणजे मुळात तेच आहे बघा, मोठी स्टीलची बादली, त्यात गीझरचा एलिमेंट, आणि बटण चालू-बंद करायला आईच्या जागी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा कॉम्प्युटर, पुढे त्याला नुसतं "पाय" म्हणतो. फरक एवढाच की इथे नुसतं "बटण बंद" पुरत नाही, का ते खाली सांगतो, आणि पूर्ण लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर तेवढंच ठेवा.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. मी हे न्यू जर्सीत, घराच्या बेसमेंटमध्ये करतो. अमेरिकेत १९७८ साली कार्टर अध्यक्ष असताना कायदा बदलला आणि घरी स्वतःपुरती बिअर करायला फेडरल परवानगी मिळाली, एका सज्ञान माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही, आणि दारू गाळायची तर अजिबात नाही, तो वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि लायसन्सशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे पुण्यातल्या मित्रांनो, वाचा, मजा घ्या, पण फ्लॅटच्या गॅलरीत हे उभं करू नका.

गॅस सोडून वीज का? आमच्याकडे जानेवारीत बाहेर बर्फात प्रोपेनच्या शेगडीशी उभं राहून दोन वर्षं काढली, बोटं गारठली, आणि बेसमेंटमध्ये ती शेगडी पेटवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. वीज आत चालते, आणि तापमान एका अंशात धरून ठेवते. मॅशमध्ये, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवताना, सगळा खेळ त्याचाच आहे. माल्टमधला (मोड आणून वाळवलेल्या जवातला) स्टार्च साखरेत बदलणारी एन्झाइम्स ६४-६५ सेल्सिअसला वेगळी वागतात, ६९-७० ला वेगळी, खालच्या टोकाला बिअर कोरडी आणि हलकी होते, वरच्या टोकाला गोडसर आणि जड. गॅसवर हे धरणं म्हणजे दूध उतू जाऊ नये म्हणून तासभर पातेल्यासमोर उभं राहणं.

तीन भांड्यांची सिस्टिम दिसायला भारी दिसते पण पहिल्यांदा करताय तर एकच भांडं घ्या. धान्य पिशवीत, पिशवी केटलमध्ये, तासाभराने पिशवी उचलून वर टांगायची, श्रीखंडासाठी चक्का बांधतो तशी, की खाली राहिलेलं गोड पाणी म्हणजे वर्ट. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रूअर लोकांनी रुळवली, आणि ऑटोमेशनला ती सोयीची आहे कारण एक भांडं, एक एलिमेंट, एक पंप, एक सेन्सर, संपलं.

मापं अशी. शेवटी ५ गॅलन म्हणजे साधारण १९ लिटर बिअर हवी असेल तर मी २८ लिटर पाण्याने सुरू करतो. ५ किलो धान्य साडेतीन लिटर पिऊन टाकतं, तासभर उकळताना चारेक लिटर वाफ होते, तळाशी गाळ दीड लिटर. धान्यासकट हे साडेएकतीस लिटरच्या आसपास जातं, म्हणून १० गॅलनच्या केटलमध्ये वर जेमतेम सहा लिटरची जागा उरते. १५ गॅलनचीच घ्या.

एलिमेंट ५५०० वॅट, २४० व्होल्ट, आणि दुमडलेला वळणावळणाचा, ज्याच्यावर दर चौरस इंचाला उष्णता कमी पडते असा. साधा स्वस्त एलिमेंट पाण्याला चालतो, पण वर्टमध्ये साखर असते, ती त्याच्यावर करपते. ५५०० भागिले २४० म्हणजे जवळपास २३ अँपिअर, त्यामुळे ३० अँपिअरचा ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची वायर, यात काटकसर नाही. एलिमेंट हातात आला की आधी मल्टीमीटर लावा, साडेदहा ओहमच्या आसपास दिसला पाहिजे, आणि पिन ते बॉडी कसलाही जोड (कंटिन्युइटी) दिसता कामा नये. हिशेबाने १५ अंशांचं २८ लिटर पाणी ७० अंशांवर यायला वीस मिनिटं लागतात, माझ्याकडे प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटं जास्त.

आता वायरिंग, इथे जरा थांबून वाचा. आपण भारतात वाढलेले लोक, आपल्या डोक्यात २३० व्होल्ट म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल. अमेरिकेत २४० म्हणजे दोन्ही वायरी जिवंत, प्रत्येकीत जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट. आणि आपण एलिमेंट चालू-बंद करायला जो सॉलिड स्टेट रिले लावतो, सगळे त्याला एसएसआर म्हणतात, तो यातली एकच वायर तोडतो. म्हणजे स्क्रीनवर "हीटर बंद" लिहिलंय, एलिमेंट थंड आहे, तरी त्याच्या टर्मिनलवर १२० व्होल्ट बसलेले आहेत. वर एसएसआर मेला की बहुतेक वेळा तो उघडा राहून नाही, चिकटून मरतो, म्हणजे एलिमेंट कायमचा चालू. भारतातल्या सवयीने मी पहिलं डिझाइन काढलं त्यात फक्त एसएसआरच होता, एका इलेक्ट्रिशियन मित्राने कागद बघितला आणि काही न बोलता लाल पेनने दुसऱ्या वायरीवर गोल केला.

म्हणून एसएसआरच्या आधी दोन्ही वायरी एकदम तोडणारा दोन पोलचा कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की जोडणारा मोठा स्विच) पाहिजेच, ३० अँपिअर किंवा त्याच्या वरचा. त्याची कॉइल समोरच्या लाल मशरूम बटणातून न्यायची, दणकन दाबलं की सगळं मोकळं. हा रस्ता सॉफ्टवेअरच्या हातात अजिबात द्यायचा नाही, पाय हँग झाला तरी बटण चाललं पाहिजे.

आणि त्याच्याही आधी जीएफसीआय. ५ मिलिअँपिअर गळती झाली की हा उडतो, तुम्हाला झटका बसून पडायच्या आत. जुगाड असा की हॉट टबसाठी जो ५० अँपिअरचा स्पा पॅनेल मिळतो त्यात जीएफसीआय असतोच आणि तो सुट्या ब्रेकरपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतो. घराच्या पॅनेलमध्ये ३० चा साधा ब्रेकर, तिथून चार वायरींचं ड्रायरचं सॉकेट, तिथून स्पा पॅनेल, मग कंट्रोल बॉक्स, मग केटल. ३० वाला वायर जळण्यापासून वाचवतो, स्पा पॅनेल तुम्हाला वाचवतो. जुन्या घरात तीन वायरींचं सॉकेट असेल तर त्यात वेगळं अर्थिंग नसतं, ते वापरू नका. सॉकेट ओढायचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, परमिट काढून. केटलच्या बॉडीला हिरवी वायर बोल्टने घट्ट, आणि मल्टीमीटरने केटल ते प्लगची अर्थ पिन तपासा.

एसएसआर ४० अँपिअरचा घ्या. २३ अँपिअरला तो स्वतः पंचवीस-तीस वॅट उष्णता काढतो, तेव्हा मागे ॲल्युमिनियमचा चांगला जाड हीटसिंक, मध्ये थर्मल पेस्ट, आणि हीटसिंकचे पंख बॉक्सच्या बाहेर. आतच कोंबला तर बॉक्सचा ओव्हन होतो.

केटलला भोक पाडणं हे मानसिक दृष्ट्या सगळ्यात अवघड काम, नव्या चकचकीत भांड्यावर ड्रिल टेकवताना हात थरथरतो. स्टेप ड्रिल, हळू स्पीड, भरपूर कटिंग ऑइल. जोरात फिरवलं की स्टील तापून कडक होतं आणि ड्रिलचीच धार जाते. एलिमेंट तळापासून जेमतेम वर, आतून सिलिकॉनची ओ-रिंग, बाहेर टर्मिनलवर वॉटरप्रूफ डबी. एलिमेंटच्या वर स्टीलची चाळण ठेवायची, पायांवर उभी. ही चाळण मी पहिल्या बॅचला टाळली, म्हटलं पिशवी तरंगेल की. नाही तरंगली. ५ किलो ओली भरड एलिमेंटवर बसली, चाळीस मिनिटांनी बेसमेंटमध्ये शिरा खाली लागल्याचा वास, पिशवी उचलली तर तळाला एलिमेंटच्या आकाराचं वळणदार काळं भोक आणि त्यातून माल्टची धार. ती बिअर प्यायलो, सांगतो कशी होती, राखेचं पन्हं.

पंप मॅग्नेटिक ड्राइव्हचा, १२० व्होल्टचा. तो स्वतः पाणी ओढून घेत नाही, म्हणून केटलच्या नळापेक्षा खाली बसवा, आणि फ्लो कमी करायचा तर पुढच्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळा, मागचा कधीच नाही. खालून वर्ट घ्यायचं आणि वरून धान्यावर सोडायचं, सारखं फिरत राहिलं की सगळीकडे एकच तापमान.

सेन्सर कुठे बसवता यावर निम्मं यश आहे. मी केटलच्या नळानंतर, पंपाच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बसवलाय, एलिमेंटजवळून निघालेलं पाणी तिथून जातं. पण यात एक गोम आहे, भरड फार बारीक असेल तर वर्ट पिशवीतून खाली झिरपत नाही, पंप कोरडा पडतो, पाइपमधलं थांबलेलं पाणी गार होतं, कॉम्प्युटरला वाटतं मॅश गार झाला, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे एलिमेंट पेटवत बसतो. उपाय साधा, मॅशच्या वेळी पॉवर ४० टक्क्यांच्या वर जाऊच द्यायची नाही, आणि भरड जाडच ठेवायची.

मेंदूसाठी रास्पबेरी पाय आणि त्याच्यावर क्राफ्टबिअरपाय नावाचं मोफत सॉफ्टवेअर. सेन्सर डीएस१८बी२० चालतो, अर्ध्या अंशापर्यंत बरोबर असतो, डेटाची वायर जीपीआयओ ४ ला (बोर्डावर मोजून सातवी पिन, चौथी नाही) आणि डेटा ते ३.३ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, तो विसरलात तर सेन्सर दिसतच नाही आणि तुम्ही दोन तास सॉफ्टवेअरला शिव्या देता. एसएसआरला मात्र पायच्या पिनवरून सरळ जोडू नका, बहुतेकांवर ३ ते ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि पाय देतो ३.३, अगदी काठावर. मध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर घालून ५ व्होल्टने चालवा. आणि पाय चालू होताना पिन काही क्षण कशीही वागू शकते, म्हणून तो पूर्ण सुरू झाल्यावरच कॉन्टॅक्टर ओढायचा, म्हणजे चालू करायचा.

प्रोग्रॅम माझा असा: पाणी ७०.५ ला, बीप, मी भरड ओततो, तापमान आपोआप ६७ च्या आसपास येतं, ६० मिनिटं, मग ७६ ला १० मिनिटं, बीप, पिशवी वर, मग पूर्ण पॉवर, उकळी, आणि उकळी धरली की ६५ टक्के. हॉप्सच्या (कडवटपणा आणि वासासाठी टाकायच्या फुलांच्या) वेळेला परत बीप. पीआयडीचे (तापमान धरायला पॉवर कमी-जास्त करणाऱ्या गणिताचे) आकडे महिनाभर घासत बसू नका, एवढ्या पाण्याला ऑटोट्यूनने (सॉफ्टवेअरने स्वतःच काढून) आलेले चालतात, आणि मॅशसाठी तर साधं अर्ध्या अंशाचं चालू-बंद सुद्धा पुरतं. हॉप्स टाकायला मोटर लावलेले डबे लोक करतात, मी नाही केले, तेवढं तरी हाताने करू द्या की.

उकळताना झाकण उघडं ठेवायचं, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास बिअरमध्ये राहतो. म्हणजे चार लिटर पाण्याची वाफ तुमच्या बेसमेंटच्या छताला, तेव्हा वर एक्झॉस्ट फॅन आणि बाहेर जाणारी नळी सुरुवातीलाच धरा, बुरशी आल्यावर नाही.

पहिली फेरी फक्त पाण्याची. भरा, गळती बघा, जीएफसीआयचं टेस्ट बटण दाबा, लाल बटण चालू एलिमेंटवर दाबून बघा, मग एक तास उकळवून वायरींचे जोड कुठे तापलेत का ते बघा, पण ते प्लग काढून, आई म्हणायची तसं. टर्मिनलचे स्क्रू त्यानंतर परत एकदा आवळा, तापून गार झाले की सैल पडतात. आणि एलिमेंट पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय कॉन्टॅक्टर ओढायचा नाही, कोरडा पेटला तर काही सेकंदांत जातो.

उकळी झाली की तांब्याची कॉइल टाकून गार पाणी सोडा, २० अंशांखाली आणा, फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ओता, यीस्ट टाका. आणि केटल त्याच रात्री धुवा, कितीही झोप आली तरी, एलिमेंटवर वाळलेला तपकिरी थर सकाळी नखाने निघत नाही, मग सायट्रिक ॲसिडचं गरम पाणी अर्धा तास फिरवत बसावं लागतं.