रेट्रो रनिंग स्नीकर कसे निवडावेत आणि बेळगावच्या पावसात कसे जपावेत

आधी मनाशी पक्कं करा की हे बूट पळायला नाही, दिवसभर पायात ठेवायला घ्यायचे आहेत. न्यू बॅलन्स कंपनीची ९९० (१९८२) किंवा ५७४ (१९८८) ही मॉडेल त्या काळी धावणाऱ्यांसाठीच निघाली. आज त्यांची मजा खडेबाजारात तासभर फिरण्यात आणि गणपत गल्लीत खोळंबून उभं राहण्यात आहे. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज पळणाऱ्यांनी त्यासाठी आजच्या पद्धतीचा रनिंग शू वेगळा घ्यावा.

मग माप. इथे घाई करू नका. कोल्हापुरी चपलेचं जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना आहे आणि त्यात बेळगावही येतो. म्हणजे ही चप्पल आपल्या घरचीच, आणि वर्षानुवर्षं अशा उघड्या चपलेत वावरलेला पाय चवड्यात पसरलेला असतो. त्यामुळे लांबीइतकीच रुंदी बघा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना दुकानात जा. बुटातला इनसोल (पायाखालचा सुटा तळ) बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. चवडा किंवा करंगळी कडेबाहेर येत असेल तर तो बूट तुमचा नाही, दुकानदार ‘घालून घालून सैल होतंय’ म्हणाला तरी. एक नंबर मोठा घेऊनही भागत नाही, कारण टाच सटकायला लागते. काही मॉडेल २ई, ४ई अशा रुंद मापात मिळतात, ती मागवा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

बूट घालून दुकानाच्या पायऱ्या चढून-उतरून बघा. टाच उचलली जात असेल तर सगळ्यात वरच्या, बहुतेकदा रिकाम्याच राहणाऱ्या भोकातून लेस ओवून आवळा. जीभ घसरून एका कडेला जात असेल तर अॅसिक्सचा जेल-लाइट ३ (१९९०) घालून बघा. त्याची जीभ मधून दुभंगलेली आहे, ती जागची हलत नाही.

रंगाचं म्हणाल तर पांढरा घेऊ नका. खानापूरकडची तांबडी माती एका पावसात त्याचा कारभार आटोपते. खाकी किंवा तपकिरी बरा. पॅन्ट घोट्यापाशी संपू द्या, खाली चुण्या पडल्या की बुटाचा आकारच झाकतो. टिळकवाडीत पोरी सुती कुर्त्याखालीही हे बूट घालतात, आणि मला ते जीन्सपेक्षा जास्त शोभून दिसतं.

पावसाळ्यात स्वेड (बुटाचं लवदार, मऊ चामडं) भिजला तर लगेच घासू नका, चिखल आत मुरतो. लेस आणि इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत ठेवा, कागद ओला झाला की बदला. चुलीजवळ किंवा उन्हात नको, डिंक सुटतो. चिखल वाळला की मऊ ब्रशने झाडा. आईच्या हाती मात्र देऊ नका, ती सरळ साबणाच्या बादलीत बुडवेल.

जुना स्टॉक स्वस्तात मिळत असेल तर सोल नीट बघा. सोलमधला पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत नुसता पडून राहिला तरी कुजतो, आणि वरून नवाकोरा दिसणारा बूट चार पावलांत भुगा होतो. अंगठ्याने दाबा, चिकट लागला किंवा भेगा दिसल्या तर सोडून द्या. ईव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या फोमचा असा भुगा होत नाही, पण तो वर्षांनी कडक पडतो. म्हणून आवडीचा जोड बॉक्समध्ये जपून ठेवू नका, आठवड्यातून एकदोनदा तरी घाला.