एमओव्ही बदलताना या चुका टाळा

पहिला पाऊस झाला, चार विजा कडाडल्या, की माझ्या टेबलावर टीव्ही, राउटर आणि एलईडी ड्रायव्हरचा ढीग लागतो. निम्म्या बोर्डांवर आधीच कुणीतरी एमओव्ही बदलून हात साफ केलेला असतो, आणि चुका दरवर्षी त्याच. एमओव्ही म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, लाइनवरचा झटका स्वतःवर घेऊन बोर्ड वाचवणारी चकती.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक नंबर वाचण्याची. एमओव्हीच्या निळ्या चकतीवर १४डी४७१के असं छापलेलं असतं. १४ म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. पण हे मोजतात डीसीवर, चकतीतून १ मिलिअँपिअर वाहताना. एसीवर कायम झेपतात ३०० व्होल्टच. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका पोरानं हिशोब केला: लाइन २३०ची, म्हणजे २४१ नंबर बरोबर. आता २४१ला एसी झेपतो १५०, आणि आपल्या २३०च्या एसी लाटेचं टोक जातं ३२५ला. वर फ्यूजच्या जागी पठ्ठ्यानं तांब्याची तार पिळलेली, ‘टेस्टिंगपुरती’. स्विच दाबला आणि सुतळी बॉम्ब! चकतीचा तुकडा माझ्या चहात, बोर्डाचा ट्रॅक एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिजपर्यंत उडालेला. पोरगं म्हणतं, “दादा, दहा व्होल्ट जास्तच धरले होते की!” तो बोर्ड मी पदरचे पैसे घालून भरून दिला.

तेव्हापासून दुरुस्त केलेला कुठलाही बोर्ड आधी १०० वॉटच्या सिरीज बल्बवर, म्हणजे लाइन बल्बमधून बोर्डाला; शॉर्ट असला तर नुसता बल्ब पेटतो. दोन मिनिटं जातात. ज्यांना तेवढीही घाई आहे त्यांनी मोबाइलची कव्हरं विकावीत.

फ्यूज आधी, एमओव्ही नंतर. एमओव्ही मरताना बहुधा शॉर्ट होतो. त्याच्या आधी लाइनमध्ये फ्यूज नसेल तर आगच.

डीपीवर न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्ट आले तर एमओव्ही वाचवत नाही, तोच तापून जळतो. त्याचं काम मायक्रोसेकंदांच्या झटक्याचं.

१४च्या जागी १०ची चकती ‘बसते’ म्हणून बसवू नका. आत झिंक ऑक्साइडचे भाजलेले दाणे असतात. जाडी व्होल्टेज ठरवते, रुंदी करंट. २० मिलिमीटरची मावली तर खुशाल लावा.

आणि मल्टिमीटरवर ‘ओके’ दिसला म्हणून जुना ठेवू नका. मीटर फक्त शॉर्ट सांगतो. खाल्लेले झटके सांगत नाही. वीज पडलेल्या बोर्डावरचा एमओव्ही मी न मोजताच कापतो.