काळ्या अस्वलाच्या शिकारीची जागा निवडताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या पश्चिम मोंटाना आणि उत्तर आयडाहोत सरकारी जंगल अफाट आहे. नकाशा उघडला की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. मग कुणीतरी एखादी खूण पाठवतं आणि आपण थेट तिथे जाऊन बसतो. सगळ्यात जास्त दिवस या चुकीत वाया जातात. सांगणाऱ्याला अस्वल सप्टेंबरात दिसलेलं असतं, आपण पोहोचतो मे महिन्यात. तेव्हा तिथे त्याला खायला काहीच नसतं.

अस्वल पोटामागे फिरतं. थंडीची झोप संपवून बाहेर आलं की ते कोवळ्या गवतावर येतं, आणि ते गवत आधी उगवतं दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर, कारण ऊन तिथे जास्त पडतं. बर्फ जसजसा वर सरकतो तशी हिरवळ वर चढते आणि तिच्यामागून अस्वलही. त्यामुळे मेच्या सुरुवातीला भरलेला उतार जूनमध्ये ओस पडू शकतो. पहिल्या वर्षी मी तीन दिवस बर्फाच्या रेघेच्या वरच बसून होतो; खाली हिरवा पट्टा होता, तिकडे दुर्बीण वळवलीच नाही. आता नकाशावर मी एका ठिकाणाऐवजी त्या आठवड्याची उंची धरतो. उन्हाळा सरत आला की हेच गणित हकलबेरीवर, म्हणजे रानातल्या जांभळट बेरीवर जातं. ती जुन्या वणव्याच्या मोकळ्या जागांत छान येते.

चालताना विष्ठा नीट बघा. वसंतात ती गडद हिरवी, गवताच्या धाग्यांनी भरलेली असते. बेरीच्या दिवसांत जांभळट, बियांनी खचाखच. ओली, ताजी दिसली तर तिथे संध्याकाळ काढा.

दुसरी चूक गाडीतून शोधायची. फॉरेस्ट सर्व्हिसच्या (सरकारी वनखात्याच्या) वाहन-वापर नकाशावर कोणता रस्ता कोणत्या वाहनाला, कोणत्या महिन्यात खुला आहे ते दिलेलं असतं. तो मोफत मिळतो. लाकूडतोडीचे जे जुने रस्ते गेट लावून बंद केलेत, तेच शोधा. त्यांवर ऊन पोचतं, अस्वलाला आवडणारी क्लोव्हर आणि डँडेलियनची रोपं माजतात, आणि गाड्यांची वर्दळ नसते. पायी जायला बहुतेक ठिकाणी आडकाठी नसते. वारा मात्र तोंडावर घेऊनच चाला, अस्वलाचं नाक फार तिखट.

जमीन सरकारी आहे म्हणजे शिकार चालते, असंही नाही. नॅशनल फॉरेस्टमध्ये चालते, ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये नाही. रेल्वे कंपन्यांना एकोणिसाव्या शतकात दिलेल्या जमिनींमुळे पश्चिमेत अनेक ठिकाणी सरकारी आणि खासगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे बसलेत. मोंटानात खासगी जमिनीवर शिकारीसाठी मालकाची परवानगी लागतेच, पाटी असो वा नसो. नियमही सीमेवर बदलतात: आमिष मोंटानात बंद, शेजारच्या आयडाहोत काही भागांत परवान्यावर चालतं. आपल्यातले जे एच-१बी व्हिसावर आहेत त्यांनी आधी राज्याचा वैध शिकार परवाना काढावा. तो नसेल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगणंच गुन्हा ठरू शकतो.

ग्रिझली या दुसऱ्या जातीच्या अस्वलाच्या इलाख्यात जागा निवडणार असाल तर रंगावर अजिबात जाऊ नका. काळं अस्वल तपकिरी, दालचिनी, अगदी भुरंही असतं. खांद्यावरचा उंचवटा, चेहऱ्याची खोलगट बाजू आणि लांब नखं ही ग्रिझलीची ओळख. मोंटानात ही ओळख-परीक्षा दिल्याशिवाय काळ्या अस्वलाचा परवाना मिळत नाही. आणि १९७५ पासून ग्रिझली संरक्षित आहे. खात्री नसेल तर गोळी नाही, आणि सोबत पिल्लं आहेत का, हे पाहिल्याशिवाय तर नाहीच.

शेवटी परतीचं अंतर मोजा. जाड कातडं आणि चरबीमुळे मे महिन्याच्या उबेत मांस लवकर बिघडतं. जिथून एका संध्याकाळी सगळं मांस काढून आणता येणार नाही, अशी दरी हिरवीगार असली तरी मी सोडतो. घरी आणल्यावर ते आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवा. ट्रायकिनेला हा परजीवी कृमी त्यात असू शकतो, आणि त्याच्या थंडीला सरावलेल्या जाती फ्रीझरमध्येही मरत नाहीत.