एलईडी लाइट दहा टक्क्यांखाली नेताना या चुका टाळा

गिरगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत लघुपटाचं शूट होतं. शॉट साधाच. आजी देवघरापुढे बसलीय, बाहेर अंधारून येतंय आणि खोलीतला उजेड वीस सेकंदांत हळूहळू विझतो. पंधरा टक्क्यांपर्यंत लाइट अगदी अलगद खाली आला. पुढे मात्र कोणीतरी लाकडी जिना उतरतंय असं मॉनिटरवर दिसायला लागलं. ठक, ठक, ठक आणि एकदम काळोख. सात टेक झाले. आजीचं काम करणाऱ्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो, संध्याकाळ होतेय की तुमची वीज जातेय?"

भाड्याने आणलेल्या लाइटला आम्ही मनसोक्त शिव्या घातल्या. निम्मी चूक आमची होती.

पहिली चूक म्हणजे डिमरवरच्या आकड्यावर भरवसा ठेवणं. मीटरने मोजून २५ टक्के उजेड ठेवला, तर डोळ्याला तो जवळपास निम्मा वाटतो. १०० वरून ९९ वर आलात तर कोणाला कळणारही नाही. २ वरून १ वर येतानाही एकच टक्का कमी होतो, पण कॅमेऱ्यासाठी तो अख्खा एक स्टॉप असतो, म्हणजे १०० वरून थेट ५० वर येण्याइतका. त्यात डीएमएक्स (लाइटला उजेडाचे आकडे पाठवणारी कंट्रोल पद्धत) ८ बिटवर असेल तर शून्यापासून पूर्ण उजेडापर्यंत मिळून २५६ आकडे. खालच्या दहा टक्क्यांच्या वाट्याला त्यातले जेमतेम पंचवीस येतात. जुन्या टंगस्टनमध्ये हे खपून जायचं, कारण तार थंड व्हायला वेळ लागायचा आणि त्यात धक्के विरून जायचे. एलईडीला असा धीर नाही. आकडा बदलला की उजेड त्याच क्षणी बदलतो.

म्हणून फेड, म्हणजे उजेड हळूहळू विझवणं, करायचा असेल तर आधी लाइटचा मेनू उघडा. १६ बिटचा मोड असेल तर तो लावा, त्यात ६५,५३६ पायऱ्या मिळतात. मग डिमिंग कर्व्ह बघा, म्हणजे नॉब फिरवताना उजेड कोणत्या चालीने बदलतो ते. बरेचदा तो लिनिअरवर, म्हणजे एकसारख्या पायऱ्यांवर असतो. एक्स्पोनेन्शियल केला की खालच्या भागात बारीक पावलं पडतात. दोन लाइट एकत्र उतरवायचे असतील तर दोघांचा कर्व्ह एकच ठेवा, नाहीतर एक आधी झोपतो आणि दुसरा जागाच राहतो. मोबाइल ॲपवर बोटाने स्लायडर ओढून फेड करू नका. मुंबईच्या दमट हवेत घामेजलेलं बोट कुठे अडकेल, सांगता येत नाही.

दुसरी चूक मला जास्त खटकते. सगळा भार डिमरवरच टाकायचा. हल्लीचे कॅमेरे अंधारात फार बघतात. सोनी एफएक्स३ला एस-लॉग३ या रेकॉर्डिंग प्रोफाइलमध्ये दुसरा बेस आयएसओ (सेन्सरची मूळ संवेदनशीलता) १२,८०० आहे. अशा कॅमेऱ्यापुढे छोट्या खोलीत लाइट २-३ टक्क्यांवर आणावा लागतो आणि लाइटची सगळी दुखणी तिथेच असतात. त्यापेक्षा उजेड आधी दुसऱ्या मार्गाने मारा. अंतर दुप्पट केलं की दोन स्टॉप जातात; चाळीच्या खोलीत मागे सरकायला जागा नसते, तर लाइट बाहेर गॅलरीत ठेवा आणि खिडकीला ट्रेस पेपर (उजेड मऊ करणारा अर्धपारदर्शक कागद) लावा. किंवा लाइटवर ०.६ची एनडी जेल, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारी करडी फिल्म लावा, तेही दोन स्टॉप. मग ४ टक्क्यांचं काम १६ टक्क्यांवर होतं.

पडद्यावर पट्टे सरकत असतील तर दुखणं वेगळं आहे. काही लाइट करंट कमी करण्याऐवजी एलईडी भराभर चालू-बंद करून मंद होतात. १,००० हर्ट्झचा लाइट ५ टक्क्यांवर असेल तर दर मिलिसेकंदातले फक्त ५० मायक्रोसेकंद तो पेटलेला असतो. १/५० सेकंदाच्या शटरला असे वीस झोत मिळतात, म्हणून काही दिसत नाही. १/२००० वर गेलात की पट्टे आलेच. ओळखायला सोपं आहे: घरचे दिवे बंद करा आणि मंद लाइटपुढे पेन्सिल जोरात हलवा. एका पेन्सिलीच्या सुट्ट्या-सुट्ट्या दहा पेन्सिली दिसल्या तर त्या लाइटवर स्लो मोशन करू नका, कारण तिथे शटर वेगवान लागतं. घरचे दिवे बंद करायचे कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. जुनी ट्यूबलाइट स्वतःच सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि आळ भलत्यावर येतो.

भिंतीवर न हलणारे, नकाशातल्या रेघांसारखे थर दिसले तर आधी रेकॉर्डिंग तपासा. ८ बिटवर असेल तर १० बिट करा. चेहरा हिरवट वाटला तर व्हाइट बॅलन्स त्याच मंद पातळीवर पुन्हा घ्या. शंभर टक्क्यांवर घेतलेला तिथे चालत नाही.

आमचा आठवा टेक डिमरने झालाच नाही. लाइट गॅलरीत नेला, पंधरा टक्क्यांपर्यंत नॉबने उतरवला आणि पुढचं काम लाइटदादांनी हाताने केलं. काळा कटर (उजेड अडवणारा काळ्या कापडाचा पडदा) लाइट आणि ट्रेस पेपरच्या मधून सावकाश आणला. मात्र कटर लाइटला अगदी लगटून हवा. ट्रेसजवळ गेला की सावलीची कडा कागदावर सरळ उमटते.