नामांकित रेस्टॉरंटमध्ये दुपारी जेवायला जाताना
दुपारचा मेन्यू बहुतेक ठिकाणी रात्रीपेक्षा आटोपशीर आणि स्वस्त असतो. पहिल्यांदा जाताना तोच घ्यावा. तरी दोन-अडीच तास मोकळे ठेवा. अ‍ॅलर्जी किंवा पथ्य बुकिंग करतानाच कळवा. टेबलावर बसल्यावर सांगून फारसा उपयोग नसतो: स्टॉक (हाडं-भाज्या उकळून केलेला रस) आणि सॉस सकाळीच तयार झालेले असतात, त्यात मुरलेलं लोणी किंवा दाणे मग वेगळे कसे काढणार? सुरुवातीच्या ब्रेडवर ताव मारू नका. सात पदार्थांच्या मेन्यूत चौथ्यालाच पोट भरतं (आणि ब्रेड हमखास उत्तम असतो, हीच पंचाईत). प्लेटच्या बाजूंना मांडलेले काटे-चमचे बाहेरून आत वापरत या. खाऊन झाल्यावर सुरी-काटा प्लेटमध्ये शेजारी-शेजारी ठेवला की वेटर प्लेट उचलतो. टीप देण्याआधी बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय का, ते बघा.