पायात कुसळ गेलंय? आधी दाबू नका

अनवाणी अंगणात गेलं की लाकडाचं बारीक कुसळ हमखास टाचेत घुसतं, दिसत नाही पण पाय टेकला की जीव जातो. आपण पहिलं काय करतो, तर अंगठ्याने दाबतो, तेच करू नका, कुसळ मोडतं आणि आत जातं. हात आणि पाय साबणाने धुवा, पुसून कोरडा करा, पाय तासभर पाण्यात घालून बसू नका कारण लाकूड फुगतं आणि मग ओढताना त्याचा भुगा होतो. चिमटा न् सुई स्पिरिटने पुसा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा म्हणजे काळी रेघ नीट दिसते. टोक बाहेर असेल तर ज्या दिशेने घुसलं त्याच तिरक्या रेषेत उलटं हळू ओढा, सरळ वर उपटायचं नाही. टोक आत असेल तर सुईने वरची कातडी जराशी उकलायची, टाचेची कातडी जाड असते त्यामुळे फार दुखत नाही, आणि टोक मोकळं झालं की चिमट्यात धरायचं. निघालं की परत धुवा, मलम लावा.

आमची आजी बिब्ब्याचा चटका द्यायची, तो मात्र नको, बिब्बा उतला की कुसळापेक्षा ते फोड जास्त छळतात.

खोल गेलंय, काच आहे किंवा शुगर आहे तर घरी कोरत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. दोन दिवसांनी लाल होऊन ठणकायला लागलं तरी तेच, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा, ते विचारतातच.