सॉफ्टवेअर रेडमधल्या फाइल खराब होतायत? रिपेअर मारायच्या आधी हे वाचा

लगीनसराईत सांगलीतल्या फोटो स्टुडिओवाल्यांचे फोन सुरू होतात, फोटो उघडला की खालचा अर्धा भाग करडा, पण एमडीस्टॅट (रेडची, म्हणजे जोडून एक केलेल्या डिस्कची, हालत दाखवणारी लिनक्सची फाइल) बघावं तर सगळ्या डिस्क चालू. यात नवल काही नाही. लिनक्सचं एमडी रेड रोज वाचताना दोन्ही कॉप्या ताडून बघतच नाही, डिस्कनं स्वतःहून रीड एरर दिली तरच दुसरीकडं जातं. डिस्कनं गपचूप चुकीचा डेटा दिला तर तोच तुमच्या हातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चेक (डिस्क एकमेकींशी ताडून बघणं) चालवला, मिसमॅच काउंट (न जुळणाऱ्या जागांचा आकडा) दिसला की घाबरून लगेच रिपेअर. अहो, रेड १ मध्ये (दोन डिस्कवर एकच डेटा) रिपेअर एका डिस्कवरचं दुसरीवर छापतं, खरं कुठलं ते त्याला कळत नाही, आणि रेड ५ मध्ये आहे तो डेटा खरा धरून पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशोब) नव्यानं लिहितं, म्हणजे खराब फाइलवर शिक्कामोर्तबच. (रेड १ वर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असेल तर थोडा मिसमॅच उगाचही दिसतो.)

उलट काउंट शून्य आला म्हणून पण निवांत होऊ नका. रॅम खराब असली तर डेटा लिहायच्या आधीच बिघडतो आणि सगळ्या डिस्कवर तोच जातो. एक मोठी फाइल घ्या, मधे कॅशे (रॅममध्ये ठेवलेली फाइलची कॉपी) रिकामी करत चार-पाचदा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळख-आकडा) काढा. दरवेळी वेगळा आला तर रॅम, कंट्रोलर नाहीतर दोन डिस्कवरच्या कॉप्यांमधलाच फरक, आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावाच. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ नंबर, म्हणजे केबलवरच्या चुकांचा आकडा, वाढत असला तर साटा केबल बदला, जुना आकडा तसाच राहतो, तो बघून डिस्क फेकू नका.

यूपीएसशिवाय रेड ५ चालवणाऱ्यांना काय बोलणार. लिहिताना लाईट गेली की डेटा आणि पॅरिटीचा मेळ राहत नाही आणि पुढं कधीतरी डिस्क गेली की ज्या फाइलला हात पण लावला नव्हता ती सुद्धा बिघडलेली निघते.

रेड असेंबल होत नाही (डिस्क जुळून चालू होत नाही) म्हणून परत क्रिएट मारणं, म्हणजे नव्यानं बांधणं, तर नकोच, डिस्कचा क्रम किंवा ऑफसेट (डेटा सुरू होण्याची जागा) चुकला की रिसिंक (डिस्क परत जुळवून लिहिणं) सगळं फिरवून टाकतं. आधी डीडीरेस्क्यूनं (खराब डिस्कवरून डेटा काढणारा प्रोग्राम) डिस्कची कॉपी, आणि एफएसचेक (फाइलसिस्टीमची तपासणी) फक्त रीड-ओन्ली.

नवीन मशीन बांधताय तर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस (चेकसम ठेवणाऱ्या फाइलसिस्टीम) यांचा स्वतःचा मिरर (दोन डिस्कवर एकच डेटा) घ्या. एमडीवर नुसतं बीटीआरएफएस टाकलं तर फाइल खराब झालेली कळते, पण चांगली कॉपी कुठली ते एमडी त्याला सांगत नाही, मग बॅकअपच काढावा लागतो.